खेळ वाढवायचाय? आधी मंडप घाला

आपल्या इंदूरच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी खेळावं असं तुम्हाला मनापासून वाटतं ना? मग ते चारचौघांत बोलू नका. पार्षदाकडे, म्हणजे नगरसेवकाकडे जाऊन 'मैदानावर दिवे लावून द्या' म्हणाल तर 'बघू' ऐकून परत याल. 'भिया, महोत्सव करायचाय, तुमच्याच हस्ते' असं म्हणून बघा. खुर्ची पुढे सरकते, पोहे येतात, वर शेवही पडते. दिव्यांचं उद्घाटन एकदाच होतं आणि बिल दर महिन्याला येतं. महोत्सव तीन दिवसांत उरकतो आणि फोटो पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरतात.

मल्लखांबाचंच घ्या. मध्य प्रदेशानं 2013 मध्ये त्याला राज्य खेळाचा दर्जा दिला, तेव्हापासून इथल्या मराठी माणसाची छाती फुगलेलीच आहे. पण खांबाला एरंडेल चोळावं लागतं, नाहीतर पोरांच्या मांड्या सोलवटतात. हे एरंडेल कुठल्या खर्चात दाखवणार? साहित्य म्हणावं तर ते संपतं, औषध म्हणावं तर डॉक्टरची चिठ्ठी मागतील. म्हणून तेल मागूच नका. 'मल्लखांब गौरव सोहळा' मागा. मंच, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं, ड्रोनवाला, सगळं बिनबोभाट मंजूर होतं. चार पैसे उरले तर त्यात तेलाची बाटली आणा. नाही उरले तर पोरं घरून आणतील, आजवर तीच आणताहेत.

मंडप मैदानाच्या मधोमधच घाला, म्हणजे बांबूचे खड्डे खो-खोच्या मध्यपाटीत येतील. सोहळा उठल्यावर त्या खड्ड्यांत झेंडूच्या पाकळ्या, सुतळीचे तुकडे आणि पाण्याचे चपटे पाऊच सापडतात. ते बुजवायला माणूस ठेवू नका. त्यांतून वाट काढत पळणारी पोरं किती चपळ होतात बघा.

खेळाच्या पैशांत ऑर्केस्ट्रा कसा, असं कुणी विचारलंच तर त्याच्यापुढे राज्यघटना उघडा. राज्यसूचीतल्या 33 व्या नोंदीत खेळ आणि करमणूक शेजारी शेजारी बसलेत, वर नाटक-सिनेमाही आहेत. यापुढे बोलायची कुणाची हिंमत?

जागेबाबत आदर्श हवा असेल तर आपलं नेहरू स्टेडियम आहेच. निवडणुकीत मतमोजणी तिथे होते. चुरस, हार-जीत, गुलाल, शेवटच्या फेरीपर्यंत धाकधूक. खेळात याहून वेगळं काय असतं?

एखादे काका होळकरांचे दाखले देतील. क्रिकेटपटू सी. के. नायडूंना 1923 मध्ये इंदूरला बोलावून फौजेत कॅप्टन केलं, पुढे ते कर्नल झाले, मुश्ताक अली याच गावचे, होळकर संघानं रणजी करंडक चारदा जिंकला, वगैरे. सगळं खरं आहे. त्यांना नम्रपणे विचारा, नायडूंच्या नेमणुकीला फीत कुणी कापली होती? फ्लेक्सवर किती जणांचे फोटो होते? काका गप्प बसतील.

तारखेची चिंता सोडा. खेलो इंडिया युवा स्पर्धा 2022 ची होती, आपल्याकडे झाली 2023 च्या जानेवारी-फेब्रुवारीत. कर्जाचीही नको. माँट्रियलनं 1976 चं ऑलिंपिक भरवलं आणि त्याचं कर्ज 2006 मध्ये फिटलं. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल खेळांआधी मुख्य स्टेडियमपाशी पादचारी पूल कोसळला, तरी खेळ झालेच ना? आता 2030 चे अहमदाबादला मिळालेत आणि 2036 च्या ऑलिंपिकवर देशाचा डोळा आहे. हा आकडा पाठ करा. शाळेच्या मैदानालगतच्या संडासाला नळ हवा असेल तरी अर्जावर 'ऑलिंपिक 2036 पूर्वतयारी' असंच लिहा.

शेवटी पैसे कुठे लागले ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र भरावं लागतं. त्यात 'लाभार्थी खेळाडू' असा रकाना असतो, तो बघून घाबरू नका. मंडपवाल्याची माणसं, बँडवाले, पोहेवाला, सगळे धरा. तरीही आकडा जुळत नसेल तर मंचावरचे मान्यवर मोजा. ते कधी कमी पडत नाहीत.