तीस रुपयांत आठ

"बाजारातला पोट्टा तीस रुपयांत आठ देते जी. वरून कापूनबी देते."

काल सकाळी वैनगंगेच्या काठी माझ्या छायाचित्रणाचा भाव असा फुटला. भाव फोडणारे बाबाजी सत्तरीच्या पुढचे. डोक्याला मफलर, अंगावर घोंगडं, तोंडात निंबाची काडी. मी त्यांच्या पायाशी चिखलात पालथा.

पालथं पडण्याला कारण होतं. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला उतरले होते आणि मला ते धुक्यात हवे होते. त्यासाठी आदली रात्र निरभ्र आणि वारा पडलेला लागतो. अशा रात्री जमीन भराभर निवते. पाणी मात्र ऊब धरून राहतं, आणि थंड हवा त्याला टेकली की नदी चुलीवरच्या भातासारखी वाफाळते. सूर्य पावणेसातच्या पुढेमागे. त्यानंतरचा तासभर काय तो आपला. नऊला त्याच काठावर ऊन आणि गुटख्याच्या पुड्या उरतात.

तिपाई गाळात रुतते आणि उंचही पडते. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर यायचं तर लेन्स बीनबॅगवर टेकवून जमिनीलाच लागावं. बॅग घरून रिकामी न्यायची आणि गावात तीनेक किलो तांदूळ घेऊन भरायची. कोंडा भरू नये, हलका पडतो, लेन्स डुगडुगते. हे सगळं मी चोख केलं होतं. अडलो तो इथेच.

"थैलीत काय आहे जी?"

"तांदूळ."

"कोनता?"

मला सांगता येईना. बाबाजी उकिडवे बसले, चेन दोन बोटं सरकवून एक दाणा काढला, दाताखाली फोडला आणि बराच वेळ नदीकडे बघत राहिले.

"जाडा आहे. भंडाऱ्यात येऊन चिन्नोर सोडून जाडा घेतला? कोनं फसवलं तुमाले?"

मग मी मोजणीवाला आहे का, ही चौकशी झाली. इकडे डोळ्याला यंत्र लावून बसलेला माणूस मोजणीचाच. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून काठावरच्यांनी यंत्रं पाहिली, साहेब पाहिले, 372 कोटींचा अंदाज हजारो कोटींत गेलेला पाहिला. मी पाखरांचे फोटो काढतो म्हटल्यावर त्यांचा उत्साह मावळला.

"कोन पैसे देते याचे?"

"कोणी नाही."

त्यांनी तांदळाच्या थैलीवरून मायेनं हात फिरवला. तेवढी तरी सोय आहे माणसाची, असा.

मग काम निघालं. निराधारच्या पगाराचा अर्ज कचेरीतून परत आला होता. फोटोच्या मागं निळं होतं म्हणून. "मांगं पांढरं पाहिजे म्हंते." बाबाजींनी नदीवरून आडवा हात फिरवला. "हे पाहा. पांढरंच पांढरं. काढा."

यात खोट काढायला मला जागाच सापडली नाही.

अडचण लेन्सची होती. लांबची पाखरं टिपायची 150-600 मिलिमीटरची ही लेन्स 2.8 मीटरच्या अलीकडचं काही पकडत नाही. म्हटलं, "बाबाजी, जरा मागं." ते जरा गेले नाहीत, पार गेले. दहा पावलांवर नुसतं घोंगडं, पंधरावर नुसता आवाज.

"आलो का जी फोटूत?"

"दिसत नाही तुम्ही!"

"मी त दिसून राह्यलो!"

चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारत राहते, असं जुने कवी सांगतात. काल आम्ही ते दिवसाउजेडी केलं.

आवाजाच्या रोखानं कॅमेरा वळवला तर ऑटोफोकस पुढंमागं चाचपडू लागला. त्याला कडा लागते, काळ्या-पांढऱ्याची सीमा, आणि धुक्यात तीच पुसलेली असते. अशा वेळी एकच फोकस-बिंदू ठेवावा आणि तेवढ्याच अंतरावरची एखादी वाळकी फांदी धरून फोकस बांधून टाकावा. मी बाबाजींची निंबाची काडी धरली. ते जवळ येत गेले, काडी धारदार झाली, मी बटण दाबलं, आणि त्याच क्षणी पलीकडून पट्टकादंबांचा थवा कलकलाट करत उठला. सेकंदाच्या 1/1600 चा शटरचा वेग आठवडाभर त्यांच्यासाठी लावून ठेवला होता. तो बाबाजींवर खर्च झाला.

पडद्यावर त्यांनी फोटो पाहिला.

"हे कोन होय?"

"तुम्हीच."

"कारं आलं तोंड. मेल्यावरचा दिसून राह्यलो."

आलंच होतं काळं. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं हवं असतं. समोर पांढरं धुकं आलं की तो घाबरून उजेड कमी करतो. नुसत्या धुक्याला एक्सपोजर एका स्टॉपनं, म्हणजे उजेड दुपटीनं, वाढवून घ्यावं, धुक्यापुढचा चेहरा असेल तर दोनापर्यंत. माझं पाऊण स्टॉपच्या आतबाहेर होतं. चूक माझी, कबूल. पण ती तीस रुपयांत आठ देणाऱ्या पोट्ट्याशी तुलना होण्याइतकी होती का? त्याच्याकडे छत आहे, दोन दिवे आहेत आणि गिऱ्हाईक स्टुलावर बसतं.

खरा राग त्या कचेरीचा. म्हातारा समोर उभा असताना त्याच्याकडे न बघता फोटोच्या मागचा रंग बघायचा. हा फोटो याचा आहे का, हे नाहीच विचारायचं. पुन्हा आठ फोटो, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा ऑटोचं भाडं. माझं काय, एक सकाळ गेली.

घरी आल्यावर कॅमेरा अर्धा तास पिशवीतच बंद ठेवला. थंडीतून एकदम स्वयंपाकघराच्या उबेत उघडला तर काचेवर दव धरतं. मग रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातला कच्चा फोटो, उघडून उजेड दीड स्टॉप चढवला. बाबाजी वर आले. सुरकुत्या, पांढऱ्या भुवया, काडी, सगळं. मागं पांढरंशुभ्र. फक्त उजव्या कानामागे सात-आठ करडे ठिपके, पंख पसरलेले. आठवडाभरातली पट्टकादंबांची धुक्यातली एकुलती एक फ्रेम.

कचेरीला मागचं कोरं लागतं. बाबाजींनी परवा फोटो घेऊन बोलावलंय. पाखरं पुसायची की बाबाजी, अजून ठरत नाहीये.