विज्ञान १९६९ साली थांबलेले नाही

गेल्या काही महिन्यांपासून एक संदेश कोल्हापुरातल्या जवळजवळ प्रत्येक गटात फिरतो आहे; माजी विद्यार्थ्यांच्या गटात आहे, तालमीच्या गटात आहे आणि भजनी मंडळाच्या गटातही आहे. त्याचा आशय थोडक्यात असा. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले आणि अवघ्या ६६ वर्षांत माणूस चंद्रावर उतरला. त्यानंतरच्या पन्नासहून अधिक वर्षांत मात्र आपल्या हाती मोबाईलपलीकडे काही लागले नाही. विमाने आजही जुन्याच वेगाने उडतात, पेनिसिलिनच्या तोडीचे औषध पुन्हा निघाले नाही, हरित क्रांतीनंतर शेतीत नवे काही घडले नाही आणि संगणक करमणुकीपुरता उरला. शेवटी निष्कर्ष असा की खरे विज्ञान आजोबांच्या पिढीबरोबरच संपले, तेव्हा संशोधनावर पैसा उधळण्यात आता अर्थ नाही.

हा संदेश निव्वळ थाप असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. पण त्यातली काही सुटी विधाने खरी आहेत आणि त्यांच्या आधारावर चुकीचा निष्कर्ष बेमालूम खपून जातो, म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहिला पाहिजे.

पहिला मुद्दा चंद्राचा. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ परतले आणि त्यानंतर अनेक दशके चंद्रावर कोणी पाऊल ठेवले नाही, हे खरे आहे. मात्र तेव्हा आटला तो पैसा. रशियाला मागे टाकण्याच्या ईर्ष्येपोटी १९६६ च्या सुमारास अमेरिका आपल्या केंद्रीय अर्थसंकल्पातला चार टक्क्यांहून अधिक हिस्सा नासाला देत होती. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. शर्यत जिंकल्यावर एवढा खर्च चालू ठेवण्याचे राजकीय कारण उरले नाही आणि माणसांऐवजी यंत्रे पाठवली जाऊ लागली. त्या यंत्रांनी काय मिळवले याचा संदेशात उल्लेखही नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या दगडांवरून चंद्र कोरडा ठणठणीत असल्याचे मानले जात होते. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने त्याच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दाखवल्या, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरले तिथे त्याआधी कोणत्याही देशाचे यान अलगद उतरलेले नव्हते.

शिवाय सोयीची दोन टोके निवडली की हवे ते सिद्ध करता येते. डीएनएची रचना १९५३ साली उलगडली आणि पन्नास वर्षांनी, २००३ साली, मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्या प्रकल्पाला तेरा वर्षे लागली आणि जवळपास तीन अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली. आज एका माणसाचा जनुकसंच काही दिवसांत आणि हजार डॉलरच्या आसपासच्या खर्चात वाचून होतो. ही झेप विमानापासून चंद्रापर्यंतच्या झेपेपेक्षा लहान कशी ठरते, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगायला हवे होते.

विमानाच्या वेगाचा मुद्दा लवकर आटोपता येईल. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे कॉन्कॉर्ड १९७६ ते २००३ प्रवासी वाहून नेत होते आणि न परवडल्यामुळे बंद पडले. उजळाईवाडीच्या विमानतळावर चढणारा प्रवासी वेगाचे नव्हे, स्वस्त आणि सुखरूप प्रवासाचे पैसे मोजतो. म्हणून अभियंत्यांची बुद्धी तिकडे लागली आणि एका प्रवाशामागे लागणारे इंधन पहिल्या जेट विमानांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आले.

औषधांचा मुद्दा सर्वांत बेजबाबदार आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली. जिथे रुग्णांतील सुमारे तीस टक्के दगावत होते तिथे हे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते, हे ज्ञान प्रयोगशाळेत त्याआधीच मिळालेले होते. ते छावणीतल्या चिखलात उतरवण्याचे काम या डॉक्टरांनी केले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या शोधाला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. आज कोणत्याही औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. पन्नास वर्षांपूर्वी भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी दोनशेच्या आसपास मुले पाच वर्षांची होण्याआधी मरत असत. आता हा आकडा तिसाच्या आसपास आहे. त्याचे श्रेय एकट्या ओआरएसचे नाही, लसींचे, पाण्याचे आणि आईच्या शिक्षणाचेही आहे. पण यातले बहुतेक सगळे घडले ते संदेशाच्या हिशेबात विज्ञान संपल्यावर.

एचआयव्हीचेही तसेच. नव्वदच्या दशकात सांगली-कोल्हापूर पट्ट्यात या विषाणूने किती घरे उद्ध्वस्त केली, हे त्या काळातल्या डॉक्टरांना आणि आशासेविकांच्या आधीच्या पिढीतल्या आरोग्यसेविकांना विचारावे. विषाणू सापडला १९८३ साली, आणि तीन औषधांचा एकत्रित उपचार परिणामकारक ठरल्याचे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. २००१ साली सिप्लाने हीच औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत ती मोफत मिळू लागली. निदान म्हणजे मृत्यूचे फर्मान, अशी ज्याची ख्याती होती तो आजार एका पिढीच्या आत रोजच्या गोळीवर आला. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, २००१ साली आलेल्या इमॅटिनिब या गोळीने असाच पालट घडवला आणि भारतात ती सामान्य माणसाला परवडण्याजोगी राहिली याला सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३ चा पेटंटविषयक निकालही कारणीभूत आहे. पोटातल्या व्रणाला तिखटाला आणि काळजीला दोष देण्याची रीत तर आपल्याकडे पूर्वापार आहे (कोल्हापुरात तिखटाचा बचाव करणे हे कर्तव्यच आहे). बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी ऐंशीच्या दशकात दाखवले की बहुतांश व्रणांमागे एक जिवाणू असतो आणि तो प्रतिजैविकांनी मारता येतो.

शेतीच्या मुद्द्याला उत्तर द्यायला शिवारापलीकडे जाण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात एके काळी सर्वत्र दिसणारा को ७४० हा उसाचा वाण हटवून ज्याने जागा घेतली तो को ८६०३२ हरित क्रांतीच्या कितीतरी नंतरचा, आणि पाडेगावच्या संशोधन केंद्राचा फुले २६५ तर या शतकातला. शिरोळ तालुक्यात अति पाण्याने मीठफुटी होऊन पडीक पडलेल्या जमिनीत छिद्रे पाडलेले पाइप जमिनीखाली घालून खारे पाणी बाहेर काढले गेले आणि तिथे पुन्हा ऊस उभा राहिला. पाटाने पाणी सोडण्याची सवय आपण सोडत नाही आणि मग विज्ञानाने शेतीला काय दिले असे विचारतो, हा भाग वेगळा.

राहिला संगणक. तो केवळ करमणुकीपुरता उरला, असे म्हणणाऱ्याने शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत तासभर उभे राहावे. पूर्वी नवा जॉब आला की पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करायचा, रायझर (धातू थंड होताना आक्रसतो तेव्हा त्याला भर देणारा वितळलेल्या धातूचा जादा साठा) कुठे आणि केवढा ठेवायचा हे मेस्त्रीने अनुभवाने ठरवायचे, धातू ओतायचा आणि थंड झालेले कास्टिंग करवतीने कापून आत पोकळी राहिली आहे का ते पाहायचे. पोकळी दिसली की रायझर हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता धातू कोणत्या क्रमाने घट्ट होत जाईल याचे गणित संगणक आधीच करतो आणि सर्वांत शेवटी घट्ट होणारी जागा, म्हणजे जिथे पोकळी पडण्याची भीती असते ती, पडद्यावर वेगळ्या रंगात उमटते. भट्टीतल्या रसाची प्रत ओळखायला पूर्वी पाचरीसारखा नमुना ओतून, तो फोडून, तुटलेल्या कडेचा पांढरेपणा डोळ्यांनी पाहत. आता स्पेक्ट्रोमीटरवर नमुना ठेवला की कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांचे प्रमाण मिनिटभरात आकड्यांत येते. मेस्त्रीची नजर यामुळे निकामी झालेली नाही. पण जुन्या ऑइल इंजिनांच्या उद्यमनगरचे शहर आज परदेशी मोटारींचे भाग ओतते, ते केवळ नजरेच्या बळावर शक्य झाले नसते.

आणि पूर. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे हे जुन्या अभियांत्रिकीचे अव्वल उदाहरण आहे. वीज नाही, माणूस नाही, पाण्याच्याच दाबाने ते उघडतात आणि मिटतात. संदेश लिहिणाऱ्याने त्यांचे कौतुक केले असते तर मीही मान डोलावली असती. परंतु दरवाजा उघडतो तो पाणी आल्यावर. पाणी येण्याआधी सांगायचे असेल तर उपग्रह, रडार आणि वातावरणाची समीकरणे सोडवणारे महासंगणक लागतात, आणि आपल्याकडे ही साखळी बहुतांशी १९७० नंतर उभी राहिली. समशीतोष्ण प्रदेशांत हवामानाचा अंदाज साधारणपणे दर दशकाला एक दिवस पुढे सरकला आहे, म्हणजे पूर्वी तीन दिवसांचा जितका खरा ठरे तितका आज सहा-सात दिवसांचा ठरतो; मोसमी पावसाचे गणित अधिक अवघड असले तरी सुधारणा तिथेही झाली आहे. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९ च्या फनी वादळाआधी बारा लाख लोकांना हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

आपल्याकडे २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचावन्न फुटांच्या वर मजल मारली आणि महामार्ग बंद पडला. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठल्यावर देवाच्या आधी बंधाऱ्याची पातळी मोबाईलवर पाहतो आणि ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी, दिसली की प्रयाग चिखली, आंबेवाडीकडे जनावरे हलवण्याची लगबग सुरू होते. पूररेषेच्या आत आपण बांधत सुटलो, त्याचा जाब मात्र विज्ञानाला विचारता येणार नाही.

ज्याला संदेश नुसता मोबाईल म्हणतो त्यात काय आहे, तेही पाहावे. १९७१ सालच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते, आजच्या चिपमध्ये अब्जावधी असतात. त्यातली लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि आज तीच रस्त्यावरची रिक्षा ओढते.

आता या दाव्यातले जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. प्रतिजैविकांचे खरोखर नवे वर्ग ऐंशीच्या दशकानंतर फार थोडे सापडले आणि जुन्यांना जिवाणू सरावत चालले आहेत. मूलभूत भौतिकशास्त्रात हिग्ज कण २०१२ साली आणि गुरुत्वीय लहरी २०१५ साली सापडल्या, पण दोन्हींचे भाकीत पूर्वसूरींनी केलेले होते. चिपची क्षमता पूर्वीच्याच गतीने वाढती ठेवायला सत्तरच्या दशकाच्या आरंभी जितके संशोधक पुरत, त्यांच्या अठरापटीहून अधिक आता लागतात, असे अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी २०२० साली दाखवून दिले. शोध महाग होत चालले आहेत. वरच्या फांद्यांवरची फळे काढायला उंच शिडी लागते, आणि संदेश मात्र शिडीच विकून टाका म्हणतो.

कारण त्याचा शेवटचा निष्कर्ष आधीच्या सगळ्या चुकांपेक्षा घातक आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कॅटालिन कारिको यांना एमआरएनएवरच्या (पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना पोचवणाऱ्या रेणूवरच्या) कामासाठी वर्षानुवर्षे अनुदान मिळाले नाही आणि १९९५ साली विद्यापीठात त्यांची पदावनती झाली. ड्रू वाइसमन यांच्यासह त्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या शोधाकडे तेव्हा फारसे कोणी पाहिले नाही. त्याच शोधाच्या पायावर २०२० साली वर्षभराच्या आत करोनाची लस उभी राहिली आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले. कोणते संशोधन व्यर्थ आहे हे १९९५ साली ठरवणाऱ्यांचा अंदाज असा चुकला.

भारतापुरते बोलायचे तर पैसा उधळल्याची तक्रार करण्याची वेळ अजून आलेलीच नाही. आपण संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.६४ टक्के खर्च करतो. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या पुष्कळ वर आणि दक्षिण कोरियात पाच टक्क्यांच्या जवळ आहे. त्यातही आपल्याकडे खासगी उद्योगांचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे, तर कोरियात तो तीन चतुर्थांशांहून अधिक. तेव्हा नवे काही का घडत नाही, हा प्रश्न दिल्लीला विचारताना हा संदेश पुढे पाठवणाऱ्या आपल्याच वसाहतींतल्या कारखानदारांनी स्वतःच्या ताळेबंदात संशोधनाचा रकाना शोधून पाहावा.