लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका

जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड जपण्यावरचा लेख मनापासून आवडला, पण त्यातला रेकॉर्ड स्पिरिटने पुसायचा सल्ला सरसकट देऊ नये. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) बहुतेक तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. गाणं कोरलेली खाच गेली की गाणं गेलं! मऊ ओलसर फडकं पुरे. मधल्या लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही आणि लगेच कोरडं करायचं. १९४८पासून आलेल्या विनाइल (एक प्रकारचं प्लास्टिक) एलपींचं, म्हणजे लाँग प्ले तबकड्यांचं, वेगळं; त्यांत लाख नसते. सुईसुद्धा वेगळी हवी, कारण ७८च्या खाचा रुंद असतात. एलपीची बारीक सुई त्यांच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते.

आमच्या जळगाव-भुसावळकडे खरा वैरी म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत ठेवलेली एलपी वाकणारच. थप्पी लावू नका, उभ्या ठेवा, आतल्या खोलीत.

एवढं करूनही हा नाद सुटत नाही. तबकडी उजेडात तिरकी धरली की दोन गाण्यांमधली गुळगुळीत पट्टी चमकते, तिथे अलगद सुई टेकवायची, यासारखं सुख नाही. खान्देशात कुणी जुनं घर रिकामं करत असेल तर रेकॉर्ड भंगारात घालू नका, आधी इथे कळवा.