निषेध कुठल्या काउंटरला?

लाईट बिलावर मीटरचा फोटो छापतात, तो ग्राहकाचा विश्वास बसावा म्हणून. आमच्या या महिन्याच्या बिलावर अंगठा छापून आला आहे. नखासकट, भरपूर उजेडात, फोकसबद्दल तक्रारीला जागा नाही. त्या अंगठ्यामागे आमचा मीटर असणार, अशी माझी श्रद्धा आहे. शेजारच्या रकान्यात मीटरची स्थिती दिली आहे, 'लॉक्ड'. म्हणजे घराला कुलूप होतं, सबब रीडिंग मिळालं नाही. आता आमचा मीटर घरात नाहीच. तो जिन्याखाली, बिल्डिंगमधल्या सगळ्या मीटरांबरोबर एकाच फळीवर बसवलेला आहे. त्या जिन्याला दार नाही, गेट नाही, साधी साखळी नाही. रात्री तिथे कुत्री झोपतात, त्यांनाही कधी कुणी अडवलेलं नाही.

कुलूप होतं म्हणून सरासरी बिल. सरासरी किती? 418 युनिट. एरवी आम्ही दीडशेच्या आसपास असतो, आणि आमच्याकडे एसी नाही. आधीचे दोन महिनेही सरासरीच लावली होती, पण त्या सरासऱ्या निदान माणसांत होत्या. ही कुठल्या मुलखातली काढली कोण जाणे. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात, आणि तीनशेच्या पुढचं प्रत्येक युनिट सोन्याच्या भावानं पडतं. शिवाय या न जाळलेल्या विजेवर 16 टक्के वीज शुल्क. एकूण पाच हजार सहाशे चाळीस.

तर मी उपविभाग कार्यालयात गेलो. रांग होती, ती असतेच. रांगेबद्दल लिहीत नाही. काकांबद्दल लिहितो.

काका खिडकीशेजारच्या बाकावर, पंख्याच्या बरोब्बर खाली बसले होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर प्लास्टिकची फाईल. माझ्या हातातलं बिल त्यांनी न विचारता घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सरासरीचं हे कितवं?"

"तिसरं."

दुर्मिळ रोगाचा पेशंट दारात चालून आल्यावर डॉक्टर खुलावा, तसे काका खुलले.

"तिसरं? अहो, मग भरताय कशाला? ग्राहक हक्क नियम, 2020! दोनपेक्षा जास्त बिलिंग सायकल अंदाजे बिल चाललं, तर खऱ्या रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. 31 डिसेंबरला निघालेत नियम. सगळं जग त्या रात्री 2020 एकदाचं संपायची वाट बघत होतं, मी राजपत्र वाचत होतो."

मी ते वाक्य जमेल तितक्या बाणेदारपणे खिडकीतल्या मुलाला ऐकवलं. मुलगा सभ्य होता. हीच खरी पंचाईत असते, कारण सभ्य माणसावर ओरडता येत नाही. तो म्हणाला, "नका भरू, सर. काहीच हरकत नाही. पण सिस्टीम ऑटोमॅटिक नोटीस काढते. लाईनमनला कसं कळणार की तुमचा नकार नियमातला आहे?"

"पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते!" बाकावरून आवाज आला. "विद्युत कायदा 2003, कलम 56!"

कायदा काकांच्या बाजूने आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण माझी मुलगी दहावीला आहे. तिच्या सराव परीक्षेच्या आदल्या रात्री लाईनमन शिडी लावून उभा, आणि मी खालून त्याला कलम 56 वाचून दाखवतोय, हे दृश्य मला परवडणारं नव्हतं. या बाबतीत माझा कणा फार ताठ नाही आणि कंपनीला ते पक्कं ठाऊक आहे. सगळा कारभार त्या ठाऊक असण्यावरच तर चालतो.

"मग दुसरा मार्ग," काका उठून खिडकीशी आले. "त्याच कलमात आहे. वाद चालू असताना निषेध नोंदवून पैसे भरायचे. मागणी केलेली रक्कम किंवा गेल्या सहा महिन्यांची सरासरी, यातलं जे कमी असेल ते. मग लाईट तोडता येत नाही. म्हणा त्याला, निषेध नोंदवून दीड हजार घे."

मी म्हटलं.

मुलानं स्क्रीनकडे पाहिलं. खरोखर शोधलं त्यानं, चेष्टा करत नव्हता. "सर, कॅश आहे, चेक आहे, कार्ड आहे, यूपीआय आहे. निषेध नाहीये."

"निषेध म्हणजे पेमेंटचा प्रकार नव्हे रे!" काका म्हणाले. "ती भावना आहे. कायदेशीर भावना."

"मग ती इनवर्डला द्या ना, काका. दोन प्रतींत."

"आणि रक्कम?"

"अर्धवट रक्कम सिस्टीम घेत नाही. साहेबांची मंजुरी लागते."

"साहेब कुठायत?"

"फील्डवर."

साहेब कायम फील्डवरच असतात. महाराष्ट्रात इतकं फील्ड शिल्लक आहे, हे मला अशा कचेऱ्यांमध्येच कळतं. तोवर मागच्या बाईंना माझ्या निषेधाचा कंटाळा आला होता. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं निषेधाचं नंतर करा, मला भाजी घेऊन घरी जायचंय." शेवटी मी पूर्ण पाच हजार सहाशे चाळीस भरले. बिलाच्या झेरॉक्सवर 'निषेध नोंदवून भरले' असं लिहिलं, इनवर्डला दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्का नेमका 'निषेध' या शब्दावर मारला. काका म्हणाले, चालतं.

बाहेर चहा घेताना मी विचारलं, "काका, तुमची तक्रार कसली?"

"माझी? छे! माझं बिल मी आल्या दिवशीच भरतो. लवकर भरण्याची सवलत मिळते."

"मग इथे रोज?"

"दुपारचा येतो. घरी पंखा लावला की युनिट पडतात."

या माणसापुढे मी मनोमन हात जोडले. वीज कंपनीचीच वीज खाऊन तिच्याविरुद्ध ग्राहक तयार करणं, हे सोपं काम नव्हे. चहाचे पैसे मात्र मलाच द्यावे लागले, आणि त्यावर त्यांनी कोणतंही कलम काढलं नाही.

चहाबरोबर त्यांनी मला सुरक्षा ठेवीचंही समजावलं. न समजावते तर बरं झालं असतं. 2021 च्या पुरवठा संहितेपासून, महिन्याला बिल येत असेल तर ठेव सरासरी बिलाच्या दुप्पट धरतात. वर्षाकाठी हिशेब करून कमी पडेल तेवढी 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' वेगळ्या बिलानं मागतात. म्हणजे बघा, रीडिंगवाल्याचा अंगठा आडवा येणार, त्यापायी बिल फुगणार, बिलापायी सरासरी फुगणार, आणि उद्या कुणी ते दुरुस्त करायला विसरलं तर ठेवही फुगणार. ठेवीवर व्याज मिळतं, हे खरं. पण मला कंपनीत गुंतवणूक करायचीच नव्हती हो. मला ट्यूबलाईट लावायची होती.

घरी पोचायच्या आत एसेमेस आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' कुणी केलं? कधी केलं? मी अजून रिक्षात होतो. तक्रार बंद केल्याची नोंद किती मिनिटांत झाली यावर कुणाला तरी वर शाबासकी मिळत असणार, एरवी एवढी घाई कशाला? मी 1912 ला फोन लावला. तिथल्या मुलीनं आदबीनं सांगितलं की तक्रार बंद झालेली असल्यामुळे त्याच तक्रारीबद्दल तक्रार घेता येत नाही, मात्र सेवेबद्दल अभिप्राय देता येईल. एक ते पाच. मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

काकांचं ऐकून मी स्वतः जिन्याखाली जाऊन मीटरचा फोटो काढला. तारीख दिसेल असा काढला आणि नोंदणी केलेल्या मोबाईलवरून पाठवला. तेही नियमांत आहे, रीडिंगवाल्याला मीटर सलग दोनदा सापडला नाही तर ग्राहकानं फोटो पाठवावा. मीटर सापडवून देणं हे आता माझं काम. पगार त्याचा. पण फोटोचा उपयोग झाला. नवीन माणूस येऊन गेला, महिन्याचं खरं रीडिंग 146 निघालं, आणि जास्तीचे जवळपास चार हजार 'पुढील बिलात ॲडजस्ट होतील' असं लेखी मिळालं.

बायको म्हणाली, सुटलास. मीही तसंच समजत होतो. तेवढ्यात काकांचा फोन.

"व्याज मागितलंत?"

"कसलं व्याज?"

"कलम 62, पोटकलम 6! ठरलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केलं तर बँक दरानं व्याजासकट परत द्यावं लागतं. तुम्हाला उशीर झाला असता तर सव्वा टक्का लावला असता की नाही त्यांनी? मग! ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे अर्ज करा. अनुसूची 'अ' चा नमुना आहे, मी आणतो. साठ दिवसांत निकाल द्यायचा असतो. नाही पटला तर विद्युत लोकपाल. मुंबईला एक आहेत, नागपूरला एक."

मी हिशेब केला. महिन्याभराचं व्याज साधारण वीस रुपये. आजवरच्या झेरॉक्स त्याहून जास्त झाल्या, रिक्षा वेगळीच. काकांना सांगितलं तर ते गंभीर झाले. "वीस रुपयांचा प्रश्न नाही हो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

नाही काका. तत्त्व तुमच्याकडेच ठेवा. माझ्यासाठी हा वीस रुपयांचाच प्रश्न आहे, आणि ते मला ॲडजस्ट करून नकोत. रोख हवेत, त्याच खिडकीतून.