एक विद्यार्थी झेपत नाही

बीकेसीला निघता निघता सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही तर चार-चार वर्ग सांभाळलेत. आरवचं तिसरीचं गणित तेवढं बघाल?"

तेवढं! मुलुंडच्या या फ्लॅटमध्ये आठ दिवस झाले, ते 'तेवढं' माझ्याच्याने होत नाहीये.

माझी शाळा जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर. एक खोली, एक मास्तर, पहिली ते चौथी. फळ्यावर तीन उभ्या रेघा मारल्या की चार वर्ग तयार. 1987 साली सरकारने खडू-फळा मोहीम काढली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक मिळायचे होते. आमच्याकडे खडू आणि फळा पोचले.

पहिलीला गिरवायला, दुसरीला पाढे, तिसरीला उदाहरणं लावून मी चौथीला इतिहास सांगे. 1659, प्रतापगडाचा पायथा, अफझलखान शामियान्यात शिरला की चारही वर्गांच्या पाट्या खाली. एकदा केंद्रप्रमुखांनी पहिलीतल्या पोराला विचारलं, "क कशाचा?" पोरगं ताडकन म्हणालं, "कोथळ्याचा!" साहेबांनी शेरेबुकात 'प्रगती समाधानकारक' लिहिलं. कुणाची, ते नाही लिहिलं.

चौथीत येईपर्यंत प्रत्येकाने चौथी तीनदा ऐकलेली असे. माझं चुकलं तर दुसरीच्या रांगेतून दुरुस्ती येई. हजेरीचीही काळजी नव्हती. 1995 नंतर 80 टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला आणि टक्केवारी पोरांच्या आयांना माझ्यापेक्षा पक्की येऊ लागली.

आणि इथे? बंद दार, एसी, टेबल आणि एकटा आरव. भागाकार समजावला आणि सवयीने दुसरीकडे वळलो. तिथे कपाट होतं.

घोटाळा तिथेच आहे. पाड्यावर मी दुसऱ्या वर्गाकडे वळलो की पोरांना चुकायला, खोडायला, शेजाऱ्याचं बघायला निवांत वेळ मिळे. इथे मी हलतच नाही. मी त्याच्या वहीत बघतो, तो माझ्या तोंडाकडे. त्याची पेन्सिल उचलली की माझा हात पुढे.

शेवटी काल त्याला हॉलमध्ये आणून बसवला. तिथे ही मटार सोलत मालिका बघत होती, शेजारची पाचवीतली मुलगी वही घेऊन आली होती, खाली भाजीवाला ओरडत होता. मला एकदम बरं वाटलं. आरवला भागाकार दिला, तिला क्षेत्रफळ. हिला म्हटलं, "मालिकेत पुढे काय झालं ते नंतर विचारणार आहे." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

परत आलो तर आरवचं उत्तर बरोबर.

"कुणी सांगितलं?"

"ताईने."

"शाब्बास!"

तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "सुट्टी!"

पोरं पळाली. हीसुद्धा मटार टाकून उठली.