विकलं नाही म्हणून तोटा टळत नाही

गेल्या आठवड्यात अहमदपूरहून मामांचा फोन आला. "चौदा लाखांची एफडी मोडावी म्हणतो. तुझं काय म्हणणं?" जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर हाती आलेली ग्रॅच्युइटी ती. दीड वर्षात धाकटीचं लग्न. मोडायची कशासाठी, तर निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'एफडी म्हणजे पैशाची माती. सगळी रक्कम स्मॉल कॅप फंडात टाका. दहा वर्षं थांबलं तर बाजारात कुणाचा तोटा झालेला नाही. विकत नाही तोवर तोटा नसतोच. १५-१५-१५ करा, कोट्यधीश व्हा.' स्मॉल कॅप म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड. हा मेसेज मलाही तिघांनी पाठवला होता, मी सोडून दिला होता. आता सोडवत नाही.

कुणाचा तोटा झाला नाही, हे धडधडीत खोटं आहे. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, ४,४०० च्या वर होता. एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्याही खाली होता. अकरा वर्षं थांबलेल्याच्या हाती मुद्दलही पुरतं नाही, आणि मधल्या काळात लाभांश मिळाला त्याहून जास्त महागाईनं खाल्लं.

पण माझा खरा राग 'विकत नाही तोवर तोटा नाही' यावर आहे. हे मराठवाड्यातल्या माणसाला कुणी सांगावं? ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलं होतं. तो भाव डोक्यात ठेवून मामांनी २०२२ चा माल विकलाच नाही. माजघरात छतापर्यंत पोती, त्यांच्यामागून वाट काढत देवघरात जायचं. २०२४ मध्ये हमीभाव ४,८९२ असताना बाजार त्याच्याही खाली होता, आणि पीककर्जाचा हप्ता आला म्हणून तेव्हाच विकावं लागलं. विकायची तारीख मामांनी ठरवली नव्हती, बँकेनं ठरवली. लग्नाची तारीखही तशीच येते, दवाखान्याची तर न सांगता येते. जोखीम म्हणजे हीच: पैसा लागेल त्या दिवशी भाव कुठं असेल ते आपल्या हातात नसणं.

म्हणून फंड निवडताना आधी विचारायचं, वाईटात वाईट किती पडला होता? २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांच्या आसपास होता, ऑक्टोबरमध्ये तो आठ हजारांच्याही खाली जाऊन आला. साठ टक्क्यांहून मोठी पडझड. साठच धरा, तरी चौदा लाखांचे पाच लाख साठ हजार उरतात, आणि तिथून परत चौदा व्हायला दीडशे टक्के वाढ लागते. स्मॉल कॅप तर त्याहूनही जास्त आपटले होते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं प्रत्येक योजनेवर रिस्कोमीटर, म्हणजे जोखीम दाखवणारी तबकडी, छापायला लावलाय, त्यातला काटा स्मॉल कॅपवर शेवटच्या, 'अतिशय जास्त' या घरात असतो. मेसेज लिहिणाऱ्यानं तेवढं तरी बघायचं.

१५-१५-१५ चं गणित बरोबर आहे: महिना १५ हजार, १५ टक्के, १५ वर्षं, एक कोटी. पण १५ टक्के देतो असं लिहून कोण देतंय? दहा टक्के धरले की तेच साधारण ६२ लाख होतात. शिवाय निवृत्त माणसानं महिना पंधरा हजार आणायचे कुठून?

एफडीबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल. सात टक्के व्याजावर वीस टक्के दरानं कर गेला की ५.६ उरतात. महागाई सहा टक्के असली तर पैसा जागेवरही राहत नाही. पंधरा-वीस वर्षं न लागणारा पैसा सगळा एफडीत ठेवणं मलाही पटत नाही.

मामांशी तासभर बोललो. लग्नाचे आठ लाख एफडीतच. तीन लाख आजारपणासाठी, हवे तेव्हा काढता येतील असे. घर पेन्शनवर चालतं, म्हणून उरलेले तीन लाख दोन वर्षांत हप्त्याहप्त्यानं निफ्टीच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टी निर्देशांकातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचेच शेअर घेणाऱ्या फंडात, आणि दहा वर्षं त्याला हात लावायचा नाही. मामींनी हे सगळं शाळेच्या जुन्या हजेरीवहीत मागच्या पानावर लिहून घेतलंय.