सात वाजून दहा मिनिटं

मावसभावाने परवा घरच्या ग्रुपवर लिहिलं, "रेडिओ कोण ऐकतंय आता? ही केंद्रं बंद करा आणि आरोग्याची माहिती रील्समधून द्या." त्याखाली पटापट सहा अंगठे आले. मी उत्तर लिहिलं, खोडलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

जून 2023 मध्ये हाच सूर ऐकला होता. आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं होतं. लोकांनी ओरड केली म्हणून निर्णय थांबला. आमच्याकडचे शहाणे तेव्हाही म्हणाले, हवाय कशाला?

मी चौदा वर्षं इंग्लंडमध्ये राहते. सकाळी किचनमध्ये बीबीसीचा रेडिओ फोर लागलेला असतो. एखाद्या औषधाने कर्करोगाचा धोका 'दुप्पट' होतो म्हणजे कितीवरून किती होतो, हे विचारायला मी तिथे शिकले. बातम्यांतल्या आकड्यांची तपासणी करणारा एक अख्खा कार्यक्रम 2001 पासून चालू आहे. आणि 2020 च्या हिवाळ्यात जोनाथन व्हॅन-टॅम लशीबद्दल बोलले ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, आपण पावसावाऱ्यात स्टेशनवर उभे आहोत, लांबवर गाडीचे दिवे दिसताहेत, पण ती थांबेल का, दार उघडेल का, सगळ्यांना जागा मिळेल का, हे अजून ठाऊक नाही. देशाचा उपमुख्य वैद्यकीय अधिकारी सगळ्यांसमोर 'ठाऊक नाही' म्हणतो, आणि त्यामुळेच त्याच्यावर विश्वास बसतो.

त्याच वर्षी आपल्याकडे डॉक्टरांना फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना. पुढे अमिताभ बच्चन आले, हिंदीत. आई वैतागायची. त्या आवाजाला उलट काही विचारता येत नव्हतं. रीलचंही तेच. तीस सेकंदांत सांगून टाकलं की काम झालं असं वाटतं. ऐकणाऱ्याच्या मनात कुठली शंका उरली, ते कुणी विचारतच नाही.

राग यासाठी येतो की हे आपल्याला फार पूर्वी जमलं होतं. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे, प्रश्न केंद्राकडे पाठवायचे आणि पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळायची. विषय शेतीचे होते, पण लसीकरणाला यापेक्षा वेगळं काय लागतं? ते करणाऱ्यांची नावं आमच्या ग्रुपवर एकालाही माहीत नसतील.

इंग्लंडचं मी फार कौतुक करते, असं भाऊ म्हणेल. म्हणून हेही लिहिते. 1998 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांवरचा एक शोधनिबंध आला आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. इथल्या माध्यमांनी 'दोन्ही बाजू' म्हणत ती भीती वर्षानुवर्षं वाढवली. इंग्लंडमधलं लसीकरण 80 टक्क्यांपर्यंत घसरलं. चुकीचा ठरलेला तो शोधनिबंध मागे घ्यायला 2010 उजाडलं. पुढच्या वर्षी बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टसाठी जनुकशास्त्रज्ञ स्टीव्ह जोन्स यांनी अहवाल दिला, की विज्ञानाच्या बातम्यांत परिघावरच्या मतांना नको तितकी जागा मिळते. चूक मोठी होती. पण मंच सार्वजनिक होता, म्हणून त्याला जाब विचारता आला. रीलवाल्याला कुठे गाठणार?

आता जे ग्रुपवर लिहू शकले नाही ते. मार्च 2021 मध्ये आईने कोविशील्डचा पहिला डोस घेतला. मी तिला ठणकावून सांगितलं, दुसरा बारा आठवड्यांनी घे, इथे तसंच आहे. ती म्हणाली, "रेडिओवर सहा ते आठ सांगितलंय." मी चिडले. इथला पुरावा समजावला, आलेख पाठवले. ती शांतपणे म्हणाली, "तुझं तिकडचं असेल गं. मला इथे घ्यायचाय."

मे महिन्यात भारताने अंतर बारा ते सोळा आठवडे केलं, तेव्हा क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज अजून वाटते. तिच्या गावात लस आहे का, रांग किती, ती केंद्रापर्यंत कशी जाणार, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांचे आलेख मात्र पाठ होते.

त्या एप्रिलमध्ये मी आकाशवाणीचं ॲप घेतलं. पुण्याच्या बातम्या तिकडच्या सकाळी 7 वाजून 10 मिनिटांनी, म्हणजे इथले रात्रीचे 2 वाजून 40. नवरा झोपलेला, मी कानात इअरफोन घालून त्या ऐकायचे. आईला सांगितलं नाही. सकाळी तिचा फोन आला की ती तेच सगळं मला पुन्हा सांगायची, आणि मी ऐकत राहायचे.